सात विसाव्यांवरचं गाव

रविवारची प्रार्थना संपली, लोक चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारत उभे राहिले, आणि तेमूने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे मासिंग, सापडलं का तुझं गाव? का ढगात उडून गेलं?"

हसणारे हसले.

"माझं एकट्याचं नाही. तुझंही तेच गाव," मासिंग म्हणाला.

"माझं होतं तेव्हा जमिनीवर होतं बाबा. तू लोकांना नेलंस तिथे नुसतं धुकं होतं म्हणे. आणि तीन पाइनची झाडं. झाडांवर राहत होतो का रे आपण, माकडांसारखे?"

"तू राहत असशील."

पण हे बोलायचं म्हणून बोलणं होतं. मासिंगने आठ माणसांना चुकीच्या जागी नेलं होतं आणि ते साऱ्या गावाला कळलं होतं.

हबून रागा ही वरच्या खोऱ्यातली नऊ घरांची वस्ती. मासिंग सात वर्षांचा असताना मोठं वादळ झालं, डोंगर खचले, आणि सरकारी माणसांनी सगळ्यांना खाली आणलं. खाली शाळा आहे, दवाखाना आहे, दोन-चार वर्षं राहा, असं सांगितलं. त्या दोन-चार वर्षांची सदुसष्ट वर्षं झाली. मोठी माणसं एकेक करून गेली. वाट नदीने खाल्ली, मग बरीच वर्षं वर जायलाच मनाई होती, आणि जंगल वाढत राहिलं. ते गाव डोळ्यांनी पाहिलेली दोनच माणसं आता उरली होती, मासिंग आणि तेमू. तेमू एका वर्षाने मोठा, पण उतरण्याच्या दिवशी तो तापाने फणफणला होता. त्याला गोधडीत गुंडाळून आणलं होतं. वाटेचं त्याला काहीच आठवत नव्हतं. मुलांना नदीपर्यंत जाऊ देत नसत, त्यामुळे एरवीही त्यांनी ती वाट तुडवलेली नव्हती. उरला मासिंग. त्याला एवढं पक्कं आठवत होतं की आई नदीपर्यंत उतरताना सात वेळा विसावली होती. त्याने बोटांवर मोजलं होतं.

आता वन कचेरीने वरच्या उताराची नवी योजना आखली होती. रस्ता जाणार, बाहेरची कंपनी पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधणार. कागदावर लिहिलेलं होतं, 'नैसर्गिक जंगल, मानवी वस्ती नाही.' गावाने हरकत घेतली तेव्हा उत्तर आलं की वस्ती होती तर नकाशावर दाखवा. येत्या शुक्रवारी कचेरीचे लिनसाहेब स्वतः पाहणीला येणार होते. त्या दिवशी जागा दाखवता आली तर पुढचं बोलणं होईल. नाहीतर फाईल बंद.

मासिंगची गोष्ट गावाहून थोडी वेगळी होती. त्याची बायको इवाल हीदेखील हबून रागाचीच. खाली आणलं तेव्हा दोन वर्षांची, आईच्या पाठीवर. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आणि म्हणूनच असेल, तिला ते घर बघायचं होतं. दर हिवाळ्यात पीचची छाटणी झाली की ती म्हणायची, "या वर्षी नेता ना?" आणि मासिंग म्हणायचा, "पुढच्या वर्षी." अठ्ठेचाळीस वर्षं संसार झाला. तेवढ्या वेळा तो तेच म्हणाला. चार महिन्यांपूर्वी इवाल गेली. त्याचे केस आता कानांवर आले होते. कापणारी तीच होती.

ती होती तेव्हा नेलं नाही. आता निदान ती जागा कोणा परक्याच्या न्हाणीघराखाली जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याने धरलं होतं. आणि तेच त्याच्या हातून निसटत होतं.

*

लाबी त्याच्या बहिणीची मुलगी. शहरात विद्यापीठात नकाशांचंच काम करते. महिनाभर रजा काढून ती मामाकडे येऊन राहिली होती, ड्रोन, लॅपटॉप आणि जागेचे आकडे सांगणारं हातातलं यंत्र घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा अर्धा भाग तिच्या वायरींनी भरला होता. सोमवारी सकाळी मासिंग उकडलेली रताळी घेऊन आला आणि ठेवायला जागा शोधू लागला.

"सरकव की गं ते. का लॅपटॉपवर ठेवू?"

"थांब थांब मामा!" तिने वायरी गोळा केल्या. "तेमूमामाचं मनावर घेऊ नकोस."

"तो लहानपणापासून असाच आहे. शुक्रवारी काय करायचं ते सांग."

"वरच्या धारेवरचा प्रत्येक कोपरा बघून झाला. कुठेच काही नाही." तिने एक चित्र पडद्यावर आणलं. ड्रोनने काढलेले शेकडो फोटो जोडून केलेलं, सबंध खोऱ्याचं. "हे खालचं पण उडवलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी. पण खाली सगळ्या दरडीच आहेत."

मासिंगने चष्मा लावला. हिरवागार डोंगर होता, आणि त्यात तपकिरी ठिपके.

"हे काय?"

"त्याच दरडी. जिथे पाला कमी दिसतो तिथे यंत्र लाल रंग देतं." तिने एक बटण दाबलं, ठिपके लाल झाले. "दरड म्हणून."

मासिंग वाकला. मग आणखी वाकला. नाक पडद्याला लागायला आलं.

"लाल काढ."

तिने काढला.

"लाबी, दरड कधी आडवी पडते का गं?"

"म्हणजे?"

"दरड वरून खाली येते. लांबच लांब, जिभेसारखी. ही बघ, ही दरड. ही पण दरड." त्याचं बोट पडद्यावर थांबलं. "पण हे? हे उताराला आडवं आहे. आणि ह्याच्या खाली दुसरं आडवं. त्याच्या खाली तिसरं. कोपरे बघ की. दरडीला कोपरे असतात का?"

लाबीने रताळं खाली ठेवलं.

"पाला का नाही तिथे, सांग," मासिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "जानेवारीत आपल्या डोंगरात कुठल्या झाडाचा पाला झडतो?"

"मला झाडांतलं…"

"इबोहचा! इबोहचा झडतो. अगं, तुझ्या आजीने शिकवलं नाही तुला काही? जमीन थकली की राळ्याच्या ओळींत इबोहची रोपं लावायची आणि शेत सोडून द्यायचं. दहा वर्षांनी झाड तोडायचं, जाळायचं, पुन्हा पेरायचं. इबोहच्या मुळांनी माती परत जोर धरते. इबोह लावलेलं शेत म्हणजे झोपलेलं शेत."

"पण एवढी सगळी शेतं एकाच वेळी झोपलेली? लोकांनी खायचं काय?"

मासिंग पुन्हा वाकला. पडद्यावर सहा तपकिरी तुकडे होते, एकालगत एक. मग त्याला आठवलं. आठवलं म्हणजे डोळ्यांसमोर आलं. निघायच्या आधीचे दिवस. वडील, आई, शेजारी, सगळे वाकून रोपं लावत होते. घरं सोडायची आहेत आणि हे रोपं काय लावतात, असं त्याने विचारलं होतं. वडील म्हणाले होते, "झोपवून ठेवतोय. आलो की उठवू."

"त्यांना परत यायचं होतं," तो म्हणाला. "म्हणून सगळी शेतं एकदम झोपवली."

लाबीने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि एकदम खुर्चीवरून उठली. "मामा! मग सापडलं की! हेच हबून रागा!"

"थांब. किती लांब आहे हे नदीपासून?"

तिने यंत्रावर मोजलं. "दीड तास. फार तर पावणेदोन."

मासिंग मागे टेकला. चेहरा उतरला. "मग हे नव्हे. दुसऱ्या कोणाची तरी शेतं असतील. आपलं गाव सात विसाव्यांवर. आपण त्या दिवशी सात विसावे चढलो तर साडेपाच तास लागले."

"अरे पण मामा, कोणाची दुसऱ्याची? तिथे दुसरं कोण होतं?"

"मला काय ठाऊक. विसावे सात होते. मी मोजलेत."

ती त्याच्याशी दुपारपर्यंत वाद घालत राहिली. तो मागे हटला नाही. पण उद्या जाऊन बघून येऊ, याला मात्र नाही म्हणाला नाही.

*

मंगळवारी पहाटेच्या धुक्यात दोघं नदी ओलांडून निघाली. ड्रोन लाबीच्या पाठीवर होता. त्याच्या बॅटऱ्यांच्या पेट्या, पाणी, दोर, दोन कोयते, भाताचा डबा आणि आंबवलेल्या मांसाची बरणी, हे सगळं मासिंगने वेताच्या पाटीत भरलं आणि पट्टा कपाळाला लावून पाटी पाठीवर घेतली.

"मामा, दे ना इकडे. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस."

"तुला कपाळाने उचलता येतं का? नाही ना? मग चल पुढे."

वाट नव्हतीच. लाबी यंत्रात बघून दिशा सांगायची, मासिंग कोयत्याने वेली तोडायचा. वीस मिनिटं झाली असतील. त्याची मान भरून आली. त्याने एका कातळाला पाठ लावली आणि पाटी टेकवली.

"आत्ताच तर निघालो," लाबी हसत म्हणाली.

"जड आहे गं. तुझ्या बॅटऱ्या आहेत का जाती आहेत?"

उठले, पुन्हा चालले. पुन्हा वीस मिनिटांनी त्याला थांबावं लागलं. पुन्हा निघाले. तिसऱ्या वेळी तो टेकायला जागा शोधत होता तेव्हा उजव्या हाताला, नेच्यांच्या मागे, एक ओटा दिसला. चपट्या दगडांवर चपटे दगड, कमरेइतका उंच. वर शेवाळ. मासिंगने वळून पाटी त्यावर टेकवली. ती अचूक बसली. कपाळावरचा पट्टा आपोआप सैल झाला.

तो तसाच उभा राहिला.

"काय झालं? मामा, छातीत दुखतंय का?"

"हे कोणीतरी बांधलंय."

लाबी जवळ आली. तिने शेवाळ खरवडलं. एकावर एक सात दगड, सांधे चुकवून रचलेले.

"पाटी टेकवायला," मासिंग म्हणाला. "बसायला नाही. ओझं असलं की बसता येत नाही, पुन्हा उठवत नाही. उभ्या उभ्या टेकवायची आणि श्वास घ्यायचा. यालाच विसावा म्हणायचे." आणि मग तो ओरडलाच. "लाबी! आई रिकामी नव्हती!"

"कोण?"

"अगं माझी आई! तुझी आजी! घर सोडून उतरत होती ती! तिच्या पाटीत उखळ होतं. दगडाचं. आणि राळ्याचं पोतं, आणि लोखंडी हंडा, आणि त्यावर तुझी आई बसलेली, दीड वर्षाची, भोकाड पसरून! ती उतरताना सात वेळा थांबली, कारण तिच्या पाठीवर सबंध घर होतं. आणि मी त्या दिवशी हातात एक काठी घेऊन, रिकाम्या पाठीने सात विसावे मोजत डोंगराच्या टोकाला गेलो! गाढव! शुद्ध गाढव!"

तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तो बाहीने पुसत होता. लाबीने यंत्राचं बटण दाबून ओट्याची जागा नोंदवली.

"चल," तो म्हणाला. "ओझं माझ्याकडेच राहू दे. आता मोजत जाऊ."

नववा विसावा झाला आणि झाडी एकदम उघडी झाली. डोक्यावर फांद्या होत्या पण पानं नव्हती. ऊन सरळ जमिनीवर पडत होतं. राखाडी खोडांची झाडं उताराला आडव्या ओळींत उभी होती. काही पडली होती, काहींच्या बुंध्यांतून दोन-दोन नवी फुटली होती, पण ओळ मोडलेली नव्हती.

"नऊ झाले," लाबी म्हणाली. "सात नाही."

"दोन म्हातारपणाचे," मासिंग म्हणाला.

*

बुधवारी आणि गुरुवारी गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून वाट मोकळी केली. तेमू स्वतः कोयता घेऊन आला नाही, पण खाली नदीवर बसून प्रत्येकाला सूचना देत राहिला. शुक्रवारी मात्र तोही चढला. त्याला दर दहा पावलांवर हात द्यावा लागत होता. "मला तापात आणलं होतं, तापातच परत नेताय," असं तो वाटभर म्हणत होता.

लिनसाहेब चाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विसाव्याचा ओटा पाहिला, फोटो काढला. इबोहच्या ओळी पाहिल्या, तळहात कपाळावर धरून वर-खाली नजर फिरवली. लाबीने लॅपटॉप उघडून जानेवारीचा फोटो दाखवला, मग जुलैचा उपग्रहाचा फोटो दाखवला, ज्यात सगळाच डोंगर एकसारखा हिरवा होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आजोबा," शेवटी ते मासिंगला म्हणाले, "मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण दरड कोसळली की तिथे पहिलं उगवतं ते हेच झाड. आणि दगड डोंगरात असतातच. एक ओटा शिकाऱ्यानेही रचलेला असेल. मी वर काय लिहून पाठवू? झाडं आडवी आहेत म्हणून?"

इथवर येऊनही हे? मासिंगने लाबीकडे पाहिलं.

लाबीने लॅपटॉप मिटला. मग पिशवीतून तिने दोन मोठे कागद काढले. दोन्हींवर तोच फोटो होता, नावं नाहीत, रेघा नाहीत.

"साहेब, इथे राहिलेली दोन माणसं आहेत. दोघांना वेगवेगळं बसवा. कोणाचं शेत कुठे, ते दोघांनी काढू दे. या फोटोवरून मासिंगमामा माझ्याशी बोललाय, पण तेमूमामाने तो आजच पहिल्यांदा पाहिला. जुळलं तर तुम्हीच सांगा."

लिनसाहेबांनी मान हलवली. "चालेल."

"मी शाळेत कधी परीक्षेला बसलो नाही," तेमू म्हणाला, "म्हातारपणी बसवतेस होय गं?"

"बस की. नापास झालास तर झाडावर राहायला जा," मासिंग म्हणाला.

दोघांना एकमेकांकडे पाठ करून, मध्ये चार झाडं ठेवून बसवलं. लिनसाहेब स्वतः दोघांच्या मध्ये उभे राहिले. तेमूने पेन्सिल ओली करून घेतली. मासिंगने कागदावर कोपर आडवं धरलं, तेमूला मागे डोळे असल्यासारखं. गावातली माणसं माना लांब करून बघत होती. वरून काढलेला फोटो वाचायला तेमूला वेळ लागला. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. "झरा कुठाय? हां, हा झरा," असं तो पुटपुटला, आणि त्यानंतर त्याची पेन्सिल थांबली नाही.

अर्ध्या तासाने लिनसाहेबांनी दोन्ही कागद घेतले आणि एका खोडाला टेकवून शेजारी शेजारी धरले. नावं त्यांनी लाबीकडून वाचून घेतली. शेत जो पहिल्यांदा फोडतो त्याचंच नाव शेताला. सगळ्यांत वर पागुंगचं. त्याखाली लेसाचं. झऱ्याच्या अलीकडे इवालचे वडील हायुंग यांचं. मग मासिंगचे वडील यूमिन यांचं, मग तेमूचे वडील बेहुय यांचं, आणि खाली कड्याशी म्हातारीचं, जिचं नाव दोघांनाही आठवत नव्हतं आणि दोघांनीही 'म्हातारीचं' असंच लिहिलं होतं. सहा शेतं, सहा नावं, तोच क्रम.

लोकांत कुजबुज सुरू झाली. लिनसाहेबांनी भुवया उंचावल्या.

"एका ठिकाणी फरक आहे," ते म्हणाले. "यूमिन आणि बेहुय यांच्यामधली रेघ. मासिंग आजोबांनी ती या मोठ्या खडकाच्या खालून काढलीय. तेमू आजोबांनी वरून."

"वरूनच!" तेमू म्हणाला. "खडक आमच्यात होता."

"तुमच्यात?" मासिंग ताडकन उठला. "खडक तुमच्यात कधी होता रे? त्या खडकावर माझी आई राळं वाळवायची!"

"वाळवायची, कारण माझी आई वाळवू द्यायची! उपकार होते ते!"

"उपकार? तुझ्या बापाने बांध कोरला लेका! दर वर्षी वीतभर! माझा बाप मरेपर्यंत सांगत होता!"

"माझा बाप मेल्यावर त्याच्यावर आळ घेतोस? तुझ्याच बापाने रात्रीतून दगड सरकवले! माझ्या बापाने मरताना माझा हात धरून सांगितलं, 'तेमू, तो खडक आपला आहे.' शेवटचे शब्द होते त्याचे!"

"शेवटचे शब्द खोटे बोलून गेला म्हणजे!"

"मामा! तेमूमामा!" लाबी मध्ये पडली. दोघांच्या काठ्या वर गेल्या होत्या. गावातली माणसं हसावं की धरावं या विचारात होती.

"चला, खडक बघू," लिनसाहेब म्हणाले.

खडक चौथ्या शेताच्या खालच्या कडेला होता, म्हशीएवढा. तेमू हात धरून घ्यायचाही विसरला, सगळ्यांच्या पुढे जाऊन पोचला. खडकाच्या वरच्या अंगाला त्याने कोयत्याच्या टोकाने पाचोळा उडवला. खाली दगडांची ओळ निघाली. माणसाच्या डोक्याएवढे दगड, एकाला एक लागून, उताराला आडवे.

"हा बघा! हा बांध!" त्याने लिनसाहेबांचा हात धरून दाखवला. "झालं ना? खडक खाली, म्हणजे आमच्यात."

मासिंग खडकाच्या खालच्या अंगाला गेला. तिथे त्याने पायाने पाचोळा सारला. सारत गेला, सारत गेला. तिथेही दगडांची ओळ होती.

"आणि हा काय आहे?"

दोन बांध होते. लिनसाहेबांनी मधलं अंतर पावलांनी मोजलं. आठ पावलं.

"मग ही मधली जमीन कोणाची?" त्यांनी विचारलं.

"आमची!" दोघं एकदमच म्हणाले.

लिनसाहेब एवढा वेळ गंभीर होते. आता ते हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. ते खडकावर बसले, चष्मा काढून पुसला, मांडीवर फॉर्म घेतला.

"मी अठरा वर्षं जंगलात फिरतोय," ते म्हणाले. "झाडं फसवतात, दगड फसवतात. पण जिथे कोणी राहिलंच नाही अशा जागेच्या बांधावरून सदुसष्ट वर्षांनी भांडणारी माणसं मी अजून पाहिली नाहीत." त्यांनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "जुनी वस्ती. सहा शेतं, नावांसह. दोन बांध. सीमेबाबत दोन कुटुंबांत मतभेद."

"म्हणजे काय झालं?" मासिंगने विचारलं. "सरळ सांगा साहेब, आम्ही अडाणी माणसं."

"म्हणजे ही सहाही शेतं आता नकाशावर चढतील. आणि नकाशावर चढली की गावाला विचारल्याशिवाय इथे कोणाला एक खुंटीसुद्धा ठोकता येणार नाही. खोल्या बांधायच्या तर दुसरीकडे बांधा म्हणून मी आजच लिहितो."

आधी कोणाला खरंच वाटेना. मग कोणीतरी हाळी दिली, लांब, डोंगराला आदळून परत येईल अशी, आणि मग सगळ्यांनीच दिली. लाबीने मासिंगला मिठी मारली. तेमू एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताने खडकावर थापा मारत होता, जणू खडकच जिंकून आला होता.

"तेवढं मतभेद शब्दाच्या जागी 'खडक बेहुयचा' असं लिहा ना साहेब," तो म्हणाला.

"लिहिलंत तर मी सही करणार नाही," मासिंग म्हणाला.

*

शेतं झाली, आता घरांच्या जागा मोजायच्या होत्या. लिनसाहेबांनी लांब टेप काढली, लाबीने यंत्र घेतलं, आणि तेमू पुढारी झाला. "इथून धरा, तिथे सोडा, अरे सरळ, सरळ," असं त्याचं चाललं होतं.

मासिंग हळूच बाजूला झाला. झऱ्याचा आवाज येत होता. हायुंगचं शेत झऱ्याच्या अलीकडे होतं आणि हायुंगचं घर त्याच शेताच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे खडकातून पाणी निघतं तिथे. हे आई नेहमी सांगायची, कारण सगळ्या वस्तीत पाण्याला सगळ्यांत जवळ तेच घर होतं आणि बाकीच्या बायकांना त्याचा हेवा वाटायचा.

तो ओळींमधून चढत गेला. गुडघा दुखत होता, पण पाय थांबत नव्हते. कोपऱ्याशी नेचे दाट होते. कोयत्याने त्याने ते कापले. खाली जमीन खचलेली दिसली, चौकोनी. तो आत उतरला. ढोपरभर खोल. चारही बाजूंनी दगड लावलेले, आतल्या अंगाने सपाट. जुनी घरं अशीच असायची, अर्धी जमिनीत, म्हणजे वाऱ्याने छप्पर उडायला नको. एका कोपऱ्यात तीन दगड होते, एकमेकांकडे तोंड करून. मातीखालूनही त्यांचा काळा रंग कळत होता. चूल.

मासिंग चुलीपाशी बसला. त्याने तीनही दगडांवरून हात फिरवला. मग पाचोळा दोन्ही हातांनी बाजूला केला, आधी चुलीभोवतीचा, मग जरा पुढचा, मग भिंतीकडचा, जेवढा हाताला येईल तेवढा. इवाल इथे कुठेतरी रांगली असेल, पहिल्यांदा उभी राहिली असेल, भाजू नये म्हणून कोणीतरी तिला चुलीपासून ओढलं असेल. पाणी प्यायला तिला दारातून बाहेर पडून चार पावलं टाकली की झालं. तिला हे ठाऊक नव्हतं. त्याला आता ठाऊक झालं.

"मासिंग!" खालून तेमूची हाक आली. "अरे ए मासिंग! टेपचं दुसरं टोक कोण धरणार? कुठे उलथलास?"

मासिंगने शर्टाची गुंडी लावली आणि कपाळावरचे वाढलेले केस मागे सारले.

"थांब जरा!" तो मोठ्याने ओरडला. "सासुरवाडीला आलोय! पहिल्यांदा!"